मी नळ, आणि माझी चौदा मिनिटं

सिंकवर मान वाकवून बारा महिने उभा असतो ना, तोच मी. या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही, नुसतं पिळतात. म्हणून आज मीच बोलायला घेतलंय. मी स्वयंपाकघरातला नळ. अस्सल पितळेचा, वरून चकाकी दिलेला. मानेपाशी ती चकाकी आता उडालीय आणि आतलं पिवळं दिसायला लागलंय. दिसू दे. पितळ उघडं पडलं असं लोक टोमण्याने म्हणतात, पण मला त्याची काही लाज वाटत नाही. आहेच मी पितळेचा.

माझा जन्म भट्टीतला. लालभडक वितळलेलं पितळ वाळूच्या साच्यात ओतलं, साचा फोडला, आणि मी बाहेर आलो. मग कानस, मग पॉलिश, मग एकाने तोंडाला लावून फुंकर मारली आणि म्हणाला, "पास!" त्या दिवसापासून माझी मान ताठ झाली ती झालीच. म्हणजे दिसायला वाकडी आहे, पण आतून ताठ.

दुकानात मी दीड वर्ष एका खोक्यात पडून होतो. शेजारी सगळे प्लास्टिकचे नळ. हलके, पांढरे, रोज विकले जायचे. मी महाग, म्हणून गिऱ्हाईक हातात घ्यायचं, वजन बघायचं आणि परत ठेवायचं. शेवटी एक प्लंबर आला. कानावर पेन्सिल, खिशात पाना. मला उचलून म्हणाला, "हा द्या. प्लास्टिकचा बसवला तर दोन वर्षांनी परत मलाच बोलावतील आणि शिव्या मलाच घालतील."

त्याने मला तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात आणलं. माझ्या आट्यांना पांढरी पट्टी गुंडाळली, भिंतीतल्या पाइपात घट्ट पिळून बसवलं आणि चावी फिरवली. पहिलं पाणी माझ्यातून गेलं तेव्हा मला जे वाटलं ते काय सांगू! इतके दिवस मी वस्तू होतो. त्या क्षणाला मी कामाचा झालो.

आधी या घरात दुसरी माणसं होती. ती गेली. मग आजोबा, त्यांचा मुलगा आणि सून राहायला आले. आजोबा बेकरीत भट्टीवर काम करायचे, चाळीस वर्षं. आता घरी असतात. मुलगा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. सून घरीच असते. तीन वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली. कुठेही गोड ठेवलं की ही पोर तिथे हजर, म्हणून आजोबांनी तिचं नाव ठेवलं मुंगी. खरं नाव शाळेत घालताना लागेल तेव्हा लागेल.

माणसांची एक सवय मी फार जवळून बघितलीय. रडायचं असलं की ती माझ्याकडे येतात. चावी सोडतात, पाण्याचा आवाज मोठा करतात आणि त्या आवाजात रडून घेतात. बाहेरच्याला वाटतं, भांडी चाललीयत. सूनबाई नवी होती तेव्हा आठवड्यातून एकदा तरी यायची. मुंगी झाल्यावर रडणं कमी झालं आणि धास्ती वाढली.

धास्ती तरी किती! पोर शिंकली तरी ही दहादा तिचं कपाळ चाचपायची. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर सुबक. कुठे काही ऐकलं की चिठ्ठीवर लिहायची आणि माझ्या शेजारच्या कपाटाच्या दारावर चिकटवायची. खिडकीची कडी लावणे. औषधं वरच्या फळीवर. बटणं, नाणी खाली पडू देऊ नये. दार उघडलं की चिठ्ठ्या पिंपळपानांसारख्या हलायच्या.

"आमच्या घरात भिंत कमी आणि भीती जास्त," आजोबा म्हणायचे.

समोर राहणाऱ्या मावशी शिवणकाम करतात. त्या साखर मागायला आल्या की चिठ्ठ्या वाचून हसायच्या. "अगं, आम्ही पाच पोरं वाढवली, एक चिठ्ठी नाही लिहिली!"

सूनबाई नुसती साखर द्यायची.

त्या चिठ्ठ्यांत एक माझ्याबद्दल होती. म्हणजे माझं नाव नव्हतं, पण मला कळलं. मुंगीला लस टोचायला दवाखान्यात नेलं होतं, तिथल्या नर्सबाईंनी बाकावर बसलेल्या सगळ्या आयांना भाजल्यावर काय करायचं ते सांगितलं. सूनबाईने घरी येऊन ते उतरवून काढलं. "भाजलं तर लगेच नळाखाली. साधं गार पाणी, वाहतं, वीस मिनिटं. बर्फ नाही. टूथपेस्ट, तेल, लोणी, पीठ काही लावू नये."

वीस मिनिटं! ते वाचून मी मनातल्या मनात हसलो. कारण या घरात मला वीस सेकंद कुणी सोडत नव्हतं.

त्याचं असं आहे. इमारतीला पाणी सकाळी तासभर येतं, तेवढ्यात गच्चीवरची टाकी भरते आणि ती सगळ्या मजल्यांना पुरवायची असते. आजोबांनी घरात नियम केला होता. नळ सोडायचा, एक ते दहा मोजायचे, नळ बंद. हात धुवा, भाजी धुवा, कप विसळा, दहाच्या आत. आणि न्हाणीघरात एक निळं पिंप कायम भरलेलं ठेवायचं. मुलगा म्हणायचा, "बाबा, तुम्ही पाण्याचे मालक आहात की पहारेकरी?" आजोबा म्हणायचे, "ज्या दिवशी टाकी आटेल त्या दिवशी विचार."

मुंगी आकडे शिकली ते माझ्यापाशीच. स्टुलावर उभी राहून हात धुताना मोजायची. "एक, दोन, तीन, चाल, पाच, शा, आठ, नऊ, दहा. बंद!" सात तिला कधी सापडलाच नाही. पण दहा म्हणताच ती मला स्वतः बंद करायची, आणि आजोबा तिच्या पाठीवर थाप मारायचे. घरातला सगळ्यात शिस्तीचा माणूस तीच.

आता त्या दिवसाकडे येतो.

थंडीचे दिवस होते. सकाळचे दहा वाजून गेले होते. मुलगा कामावर गेला होता. मावशींनी सूनबाईला टेबलावर घालायचं एक नवं कापड शिवून दिलं होतं, निळं, कडेला झालर. सूनबाईने ते हौसेने अंथरलं आणि त्यावर आजोबांचा चहाचा मोठा कप ठेवला. गळ्यापर्यंत भरलेला, वाफाळता. आजोबा पुढच्या खोलीत चष्मा शोधत होते. सूनबाई माझ्याकडे वळली, पातेलं सिंकमध्ये ठेवायला. दोन पावलं. तेवढीच.

मुंगीला ती झालर आवडली. तिने धरून ओढली.

आधी कप पडल्याचा आवाज आला, मग एक क्षण काहीच नाही, आणि मग ती किंकाळी. मी भट्टीतून आलोय, आगीचा मला धाक नाही. पण त्या किंकाळीने माझ्या आतलं वायसरसुद्धा हललं.

चहा मुंगीच्या उजव्या हातावर पडला होता. कोपराच्या खालपासून बोटांपर्यंत. अंगात लोकरीचा स्वेटर, आणि लोकर गरम चहा पिऊन तशीच हाताला बिलगलेली.

सूनबाई वळली. मला वाटलं, आता ही कोसळणार. शिंकेला घाबरणारी बाई ती. पण तिचा चेहरा एकदम कोरा झाला. पोरीला कवेत उचललं, स्टुलावर उभं केलं, स्वेटरची बाही सैल करून हळूच बाहेर ओढली. कापड कातडीला चिकटलेलं नव्हतं, म्हणून निघालं. मनगटातलं प्लास्टिकचं कडं काढलं. आणि मला सोडलं.

मी धावलो. थंडीतलं टाकीचं पाणी, गार, पण बर्फासारखं नाही. त्या लाल झालेल्या इवल्याशा हातावरून मी वाहायला लागलो. पोर ओरडत होती, हात ओढत होती, आई तिला पाठीमागून छातीशी धरून उभी होती. ओरडता ओरडताच सवयीने पोरीचं तोंड मोजायला लागलं.

"एक... दोन... तीन... चाल..."

दहा झाले. आणि त्या पोरीने, हुंदके देत, डावा हात पुढे केला आणि मला बंद केलं.

"दहा झाले आई."

सूनबाईने पोरीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. तिने मला परत सोडलं. "आज नाही बंद करायचं, राणी. आज परत एकपासून. मोज."

"आजोबा लागवतील."

"नाही रागवणार. मोज."

आजोबा तोवर दारात आले होते. काय झालं ते त्यांना एका नजरेत कळलं. भट्टीवरचा माणूस तो. ते सरळ पिठाच्या डब्याकडे गेले.

"सरक सूनबाई. पीठ दाबतो. आग शोषून घेतं."

"नाही बाबा."

मला आठवतं तेव्हापासून त्या बाईच्या तोंडून सासऱ्यासमोर 'नाही' निघालं नव्हतं. आजोबाही तसेच थांबले, मूठभर पीठ हातात.

"काय म्हणालीस?"

"पीठ नाही. पाणीच. वीस मिनिटं."

"चाळीस वर्षं भट्टीवर होतो. भाजणं मला शिकवतेस? हे बघ," त्यांनी बाह्या वर केल्या, "किती वेळा भाजलो, पिठानेच बरा झालो."

सूनबाईने बघितलं. आजोबांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे-काळे डाग, काही ठिकाणी कातडी दोरीसारखी आवळलेली.

"बरे झालात बाबा," ती म्हणाली. "पण हातांकडे बघा ना. मला हिचे हात तसे नकोत."

लागलं असणार आजोबांना. लागायलाच हवं असं ते वाक्य होतं. ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले, जणू पहिल्यांदाच बघतायत. मग मूठ उघडली आणि पीठ डब्यात परत टाकलं.

एवढ्यात आरडाओरडा ऐकून मावशी आल्या. एका हातात बर्फाचा ट्रे, दुसऱ्यात टूथपेस्ट. धावपळीत टाचणीची उशी मनगटाला तशीच बांधलेली.

"बर्फ ठेव गं, बर्फ! आणि हे फास वर, थंड वाटतं!"

"बर्फ नको मावशी, त्यानेही कातडी जळते. आणि पेस्ट लावली तर दवाखान्यात घासून काढावी लागते."

"मग मी काय करू, नुसती उभी राहू?"

"शाल आणा, कोरडी. थंडीने कापतेय ती. अंगावर घाला, हात तेवढा बाहेर. आणि कपाटातून उशीचा धुतलेला अभ्रा काढा. मग टॅक्सी बोलवा, वीस मिनिटांनी निघायचंय."

मावशींनी बर्फाचा ट्रे कुठे ठेवू असं इकडे तिकडे बघितलं आणि शेवटी आजोबांच्या हातात दिला. आजोबा तो धरून उभे. एरवी मला हसू आलं असतं.

माझ्यासमोरच्या भिंतीवर घड्याळ आहे. मोठा काटा दोनवर असताना तिने मला सोडलं होतं. काटा तीनवर आला. मुंगीचं ओरडणं कमी होऊन मुसमुसणं झालं. चहाचा लालपणा कोपराकडे फिकट पडला, पण मनगटावर आणि बोटांच्या मागे बारीक फोड धरायला लागले. सूनबाई त्यांना हातही लावत नव्हती. "एक, दोन, तीन..." आता आईच मोजत होती, पोर मधेच "आठ" म्हणायची.

मी सांगतो, आयुष्यात मी कढया धुतल्या, कपडे खळबळले, एकदा तर लिफ्टच्या ग्रीसने माखलेले बूट धुतले. पण त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं की माझी मान अशी वाकवून का बनवलीय. बरोबर एका लहान हाताच्या उंचीवर पाणी पडावं म्हणून.

आणि तेव्हाच माझी धार बारीक झाली.

गर्वाचं घर खाली म्हणतात ते उगीच नाही. आधी धार पेन्सिलीएवढी, मग सुतळीएवढी, मग मी एकदा खाकरलो, दोन थेंब टाकले आणि कोरडा पडलो. टाकी संपली होती. काटा पाचच्या किंचित अलीकडे. चौदा मिनिटं झाली होती. सहा बाकी.

"पाणी गेलं," सूनबाई म्हणाली. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं त्या दोन शब्दांत सुटलं. "बाबा, पाणी गेलं हो!"

बर्फाचा ट्रे ओट्यावर आदळला. आजोबा न्हाणीघराकडे धावले. मी त्यांना कधी धावताना बघितलं नव्हतं. पिंपाचं झाकण पडल्याचा आवाज आला, आणि ते बादली घेऊन आले, अर्धं पाणी पायांवर सांडत. मगाने उचलून ते मुंगीच्या हातावर ओतायला लागले. बरोबर माझ्या तोंडाच्या उंचीवरून, न थांबता, एक मग संपायच्या आत दुसरा.

"हळू बाबा."

"हळूच आहे. भट्टीत पाव सरकवलेत या हातांनी." मग थोड्या वेळाने, पोरीकडे बघून, "मुंगे, आजोबाचा नळ कसा आहे?"

"मोठ्ठा," ती हुंदका गिळत म्हणाली.

मी कोरड्या घशाने बघत होतो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आजोबांच्या ज्या कंजूषपणाला घरातले सगळे हसायचे, त्यानेच त्या दिवशी माझं उरलेलं काम केलं. ते पिठाबद्दल चुकले होते आणि पाण्याबद्दल चुकले नव्हते. माणूस असा मिश्र असतो. आम्ही नळ बरे, एक तर चालू नाही तर बंद.

काटा सहावर आला. सूनबाईने हात पुसला नाही, नुसता निथळू दिला. अभ्रा सैल, न आवळता गुंडाळला. मावशींनी खालून हाक मारली, टॅक्सी आली होती.

"आता रडू थांबलंय, लाली पण उतरलीय," आजोबा म्हणाले. "दवाखान्याची गरज आहे का? फोड बसतील."

"आहे. लहान पोर आहे, हाताला आहे, मनगटाला आहे. आणि तिच्या तळव्यापेक्षा जास्त जागा भाजलीय. यातलं एक असतं तरी नेलं असतं."

आजोबांनी चपला घातल्या. "चल. तुझ्या नवऱ्याला मी कळवतो."

घर रिकामं झालं. टेबलावरून चहा अजून टपकत होता. एरवी मी टपकतो आणि घरचे वैतागतात. त्या दिवशी चहा टपकत होता आणि मी ऐकत होतो.

दवाखान्यात काय झालं ते मला नंतर कळलं, सूनबाई माझ्यापाशी भांडी घासत मावशींना सांगत होती तेव्हा. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, काय लावलं? ही म्हणाली, पाणी, दुसरं काही नाही. किती वेळ? वीस मिनिटं. डॉक्टरबाईंनी मान वर करून बघितलं आणि विचारलं, शिकलात कुठे? ही म्हणाली, "सातवीपर्यंत." आणि अख्खी खोली हसली, हिला का ते कळलंच नाही.

"मग घरीच ठेवायचं कधी आणि धावायचं कधी गं?" मावशींनी विचारलं. आता हसत नव्हत्या.

सूनबाई घासणी तशीच हातात धरून सांगू लागली. बोटाला चटका बसला, थोडं लाल झालं, तर पाणी दिलं की घरी बरं होतं. पण तळव्यापेक्षा मोठं असेल, तोंडावर, हातापायांवर, सांध्यावर किंवा नाजूक जागी असेल, तर जायचं. कातडी पांढरी किंवा काळी पडली, आणि दुखतच नाही, तर जास्तच घाबरायचं, कारण मग खोल गेलेलं असतं. विजेचा शॉक, अॅसिड, नाकातोंडात धूर, यात वाट बघायचीच नाही. तान्हं मूल, लहान पोर, म्हातारं माणूस असेल तर लहान दिसलं तरी दाखवायचं. आणि घरी ठेवलं आणि दोन दिवसांनी ताप आला, पू झाला, लाली पसरली, तरी जायचं. फोड फोडायचे नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते विचारायचं.

मावशींनी कपाटावरच्या चिठ्ठ्यांकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "हे एका चिठ्ठीवर लिहून दे. माझ्या मशीनसमोर लावते."

पण सूनबाईचा जीव त्यात नव्हता. तिची खरी काळजी वेगळी होती, आणि ती तिने मावशी गेल्यावर माझी चावी सोडून, माझ्या आवाजात रडून काढली.

तोवर मुंगीच्या हाताची पट्टी निघाली होती. जखम भरली होती, खोल गेली नव्हती. मनगटावर आणि बोटांवर गुलाबी, चकचकीत नवी कातडी. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "बोटं वळतायत, मूठ वळली पाहिजे. तिला हात वापरू द्या. पंधरा दिवसांत वापरायला लागली नाही तर पुढचं बघावं लागेल."

आणि मुंगी वापरत नव्हती. दुखत नव्हतं, पण भीती बसली होती. उजवा हात स्वेटरच्या आत, पोटाशी. खायला डावा, खेळायला डावा. आई म्हणायची बाहुली धर, ती डाव्याने धरायची. बाबाने चेंडू टाकला, तो पडू दिला. आईला घरात सगळीकडे दिसायची ती भीती आता पोरीच्या त्या एका हातात जाऊन बसली होती. आणि ती बाई स्वतःला दोष द्यायची. इतक्या चिठ्ठ्या लिहिल्या, पण टेबलाच्या कापडाची एकही नाही.

दहा दिवस गेले. बारा गेले. रात्री नवरा-बायको हळू आवाजात बोलायचे, तेव्हा मला शब्द कळायचे नाहीत, पण 'पुढचं बघावं लागेल' एवढं कळायचं.

माझं सध्याचं म्हणाल तर बरं चाललंय. परवा मुलाने माझं वायसर बदललं. त्याला खरं तर मला काढून लांब मानेचा, चमचमणारा, एका बोटाने फिरणारा नळ लावायचा होता. दुकानातून चित्रही आणलं होतं. सूनबाईने चित्र बघितलं आणि परत दिलं. "हाच राहू दे." एवढंच म्हणाली. मी इतका फुगलो की नवं वायसर बसेना. म्हणजे चावी फार घट्ट झाली. मोठ्या माणसालाही जोर लावावा लागतो.

तुम्हाला माझी एक विनंती आहे. तुमच्या घरातल्या नळाकडे एकदा नीट बघा. त्याच्या तोंडाला बांधलेलं चिरगुट सोडा, गळत असेल तर दुरुस्त करा, आणि घरात एक बादली भरून ठेवा, आमच्यासारख्यांचा घसा कधी सुकेल सांगता येत नाही. भाजलं कुणाला, तर डबे शोधत बसू नका. आमच्याकडे या. आणि घरात कुणी घाबरट असेल, सारखं सांगत असेल, लिहीत असेल, तर तिला हसण्याआधी तिने काय लिहिलंय ते वाचा.

आता आज सकाळचं सांगतो, मग तुम्ही तुमच्या कामाला लागा.

मुंगी स्टुलावर चढली. डाव्या हातात तिची प्लास्टिकची बाहुली, बाहुलीच्या पायांना चिखल लागलेला. ती धुवायची होती. बाहुली खाली ठेवायला जागा नव्हती, ओटा भांड्यांनी भरलेला. तिने कोपराने माझी चावी फिरवायचा प्रयत्न केला. घट्ट. मी हललो नाही. सूनबाई मागे उभी होती. ती पुढे झाली, तर आजोबांनी तिच्या हाताला धरलं.

पोर जरा विचार करत उभी राहिली. मग स्वेटरमधून उजवा हात बाहेर निघाला. हळू, बिळातून उंदीर निघावा तसा. त्याने माझी चावी चाचपली. एक बोट वळलं, दुसरं वळलं. गुलाबी कातडी ताणली गेली. तिसरं, चौथं, मग अंगठा. आणि मूठ आवळली गेली, माझ्यावर, घट्ट. मी आयुष्यात हजारदा पिळला गेलोय, पण एवढ्या जोराने कुणी पिळलं असेल असं मला वाटत नाही.

मी फिरलो. पाणी आलं. बाहुलीचे पाय धुतले जाऊ लागले, आणि मुंगीच्या मागे उभी असलेली आई कपाटाच्या दाराला टेकून, सगळ्यांसमोर, मोठ्याने रडायला लागली.